फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांचे ख्रिस्तपुराण

उपासनेत काय गावे आणि कोणत्या चालीवर गावे, हा वाद आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस नवा नाही. कोणास टाळ व मृदंग ह्यांवाचून भजनास रंग चढतोसे वाटत नाही. कोणास विलायती चालीच अधिक पवित्र वाटतात. आणि हल्ली तरुण मंडळी इंग्रजी गीते व ती वाजविण्याची विजेची यंत्रे बरोबरच घेऊन येतात. ज्या पुनावळ्यात बसून आम्ही हे लिहीत आहो, तेथे ज्वारीची शेते जाऊन उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि पवना नदी अजून तीच आहे, देहू येथून दोन-तीन कोसांवर आहे, आणि तुकारामबीजेच्या दिवसांत त्या वाटेने टाळांचा आवाज आजही ऐकू येतो. असा आवाज कानी पडला म्हणजे आमच्या मंडळीतील वृद्ध माणसे क्षणभर बोलणे थांबवितात, हे आम्ही पाहिले आहे. ते का थांबवितात, हे आम्ही त्यांस कधी विचारले नाही.

हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एका मनुष्यापुढे फार कठीण रूपाने उभा राहिला होता. तो मनुष्य महाराष्ट्रीय नव्हता, आणि आमच्या पंथाचाही नव्हता. तो जातीने इंग्रज व पंथाने रोमन कॅथॉलिक असून येशूसंघाचा पाद्री होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. मराठी भाषेत प्रभूचे चरित्र प्रथम ज्याने विस्ताराने गाइले तो हाच, आणि म्हणून त्याची हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक असावी अशी आमची इच्छा आहे.

स्टीफन्स ह्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुश्टन नावाच्या खेड्यात झाला. बाप लंडनचा व्यापारी. ते तरुण झाले तेव्हा इंग्लंडच्या गादीवर एलिझाबेथ राणी होती व राज्याचा धर्म प्रॉटेस्टंट होता. येथे आम्हांस एक गोष्ट झाकून ठेवणे बरे वाटत नाही. रोमी राजांनी आमच्या पंथाच्या लोकांचा छळ केला, ही कथा आम्ही आपल्या मुलांस आवडीने सांगतो. परंतु त्या काळच्या इंग्लंडात छळ करणारे आमचेच होते. स्टीफन्स ह्यांचा मित्र टॉमस पाउंड हा श्रीमंत गृहस्थ. त्याचा नोकर असल्याचे सोंग घेऊन स्टीफन्स त्याजबरोबर हिंडत असत, आणि दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात शिरण्याचे ठरविले होते. निघण्याच्या आधीच पाउंड पकडला गेला, आणि त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे बंदिवासात गेली. स्टीफन्स एकटेच निघाले व इ. स. १५७५ च्या ऑक्टोबरात रोम येथे संघात दाखल झाले.

तेथून त्यांनी हिंदुस्थानास पाठविण्याची विनंती केली. ता. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बन बंदरातून निघाले आणि सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून ता. २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास उतरले. पुढल्याच महिन्यात त्यांनी बापास एक लांब पत्र लिहिले. त्यात वाटेतील वारे, मासे, पक्षी आणि खलाशांच्या हिरड्या सुजविणारा रोग ह्यांचे वर्णन आहे. हे पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. हिंदुस्थानात येऊन कायमचे राहिलेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचे नाव घेतात. त्यानंतरची चाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, ते येथेच राहिले.

त्यांची नेमणूक गोव्याच्या दक्षिणेस साष्टी प्रांतात झाली. मडगाव, राशोल, कुंकळ्ळी ही त्या प्रांतातील ठिकाणे होत. आता ह्या साष्टीची दशा काय होती ती नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढील सर्व गोष्ट फिकी पडेल. इ. स. १५६७ मध्ये राशोलच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने ह्या प्रांतातील अडीचशेहून अधिक देवळे जाळून व पाडून टाकली होती. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसले होते. लोकांच्या पोथ्या जप्त होत. जे बाप्तिस्मा घेण्यास तयार नव्हते त्यांच्यापैकी पुष्कळ घरदार सोडून पलीकडे निघून गेले. जे राहिले व ख्रिस्ती झाले, त्यांच्यापैकी किती मनाने झाले व किती भयाने, हे देवच जाणे. ज्यांच्या आजोबांनी स्वखुशीने, आप्तांचे शिव्याशाप सोसून, प्रभूचे नाव घेतले, अशा आमच्या वाचकांस ह्या दोहोंतील भेद सांगण्याची गरज नाही.

इ. स. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळीच्या लोकांनी आपल्या गावात क्रूस उभारण्यास व देवळासाठी जागा पाहण्यास आलेल्या पाच येशूसंघीयांस ठार मारले. त्यांचा पुढारी रुदोल्फ आक्वाविवा हा थोड्याच दिवसांपूर्वी अकबर बादशहाच्या दरबारातून परतला होता. मृतांचे देह मिळवून ते राशोल येथे पुरण्याचे काम स्टीफन्स ह्यांजवर येऊन पडले. त्यांस येथे येऊन पुरी चार वर्षेही झाली नव्हती. पुढे पोर्तुगिजांनी सूड घेतला: गावकऱ्यांस बोलणे करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून तेथे त्यांस मारले. आपल्या पाच बंधूंचे देह ज्या हातांनी उचलले, त्याच हातांनी स्टीफन्स ह्यांनी त्याच लोकांच्या भाषेत पुस्तक लिहावयाचे होते. त्या दिवसांत त्यांच्या मनात काय आले असेल, ह्याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे.

त्याच वर्षी लिहिलेले त्यांचे दुसरे एक पत्र आहे, आपल्या भावास. त्यात ते सांगतात की ह्या देशच्या भाषा पुष्कळ असून त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे. युरोपातील विद्वानांस ही गोष्ट विल्यम जोन्स ह्यांनी स्पष्ट करून सांगितली त्याच्या दोनशे वर्षे आधीचे हे पत्र होय. आणखी त्याच सालच्या अखेरीस राल्फ फिच व त्याचे सोबती असे चार इंग्रज हेर समजून गोव्याच्या तुरुंगात टाकण्यात आले. ज्या देशाने स्टीफन्स ह्यांस पळावयास लाविले त्या देशाची ही माणसे. तरी स्टीफन्स ह्यांनी खटपट करून त्यांस जामिनावर सोडविले.

आता गायनाकडे वळू. साष्टीतील देवळांतून गायन नव्हते असे कोणी समजू नये. उलट, गायन फार होते. प्रत्येक देवळाशी शाळा असे आणि तीत मेस्त नावाचा शिक्षक मुलांस वाचन, धर्मशिक्षण व संगीत शिकवी. हे संगीत युरोपचे होते. एकाने एक स्वर धरावयाचा, दुसऱ्याने त्याहून उंच, तिसऱ्याने खालचा, आणि सर्वांनी मिळून एकच स्तोत्र गावयाचे, ही रीत आमच्या मोठ्या मंडळ्यांतील गायकगणांस ठाऊक आहे. त्या काळी युरोपात ह्या कलेस विलक्षण भर आला होता. इ. स. १६१० मध्ये क्लाउदियो मोंतेवेर्दी ह्यांनी सायंप्रार्थनेची स्तोत्रे अनेक आवाजांसाठी व वाद्यांसाठी रचून व्हेनिस येथे छापविली. इ. स. १६१९ मध्ये हाइनरिख शुत्झ ह्या लूथरपंथी जर्मन गृहस्थाने दाविदाची स्तोत्रे अनेक गायकगणांसाठी बसविली. एक गण एका बाजूस, दुसरा दुसऱ्या बाजूस, असे उभे राहून त्यांनी परस्परांस उत्तर द्यावयाचे. विशेष हे की शुत्झ ह्यांची स्तोत्रे लूथरच्या जर्मन भाषेत होती. ऐकणाऱ्या बायकापोरांस तिचा शब्दन् शब्द कळत असे.

ही कला गोव्यास लवकरच पोहोचली आणि तेथील लोकांनी ती आश्चर्यकारक रीतीने आत्मसात केली. इ. स. १६६३ मध्ये कार्मेल पंथाचे एक इटालियन पाद्री गोव्याच्या बॉं जेजू देवळात गेले असता तेथे सात गायकगण वाद्यांसह गात होते. त्यांस आपण रोम शहरातच आहो असा भास झाला, व त्यांनी तसे बोलून दाखविले. तेव्हा त्यांस कळले की ही रचना रोमच्या प्रसिद्ध कारिस्सिमी ह्यांचीच आहे. गाणारे मात्र येथलेच, ह्या भूमीचे पुत्र होते. शास्त्रातील कथा गायनातून सांगावयाची, ह्या कामी कारिस्सिमी ह्यांची विशेष कीर्ती आहे. आपली कन्या गमावणाऱ्या इफ्ताहाची कथा त्यांनी बसविली आहे. परंतु त्यांची भाषा लॅटिन. गोव्याच्या मुलाने ती गाइली खरी, पण घरी चुलीपाशी बसलेल्या त्याच्या आईस इफ्ताह कोण व त्याची मुलगी का रडते, हे त्या गायनाने कळण्याजोगे नव्हते.

हीच उणीव स्टीफन्स ह्यांनी पन्नास वर्षे आधी ओळखली होती. आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी एक प्रसंग वर्णिला आहे. साष्टीच्या एका देवळात रविवारी दोन प्रहरी मुलांचे धर्मशिक्षण चालले असता एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रींजवळ येतो. त्याचे म्हणणे असे की हे सर्व शिक्षण चांगले आहे, परंतु पूर्वीची आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, आणि त्यांच्या जागी दुसरे काही दिले नाही. तर ज्याने मनाचा विरंगुळा होईल व वेळही सत्कारणी लागेल, असे काही आम्हांस का करून देत नाही? हा प्रश्न आम्हांस फार भेदक वाटतो. त्यात तक्रार आहे, पण कडूपणा नाही. देवळे गेल्याचे दुःख तो बोलत नाही. बोलण्याची सोयही नव्हती. तो एवढेच सांगतो की आमच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या आहेत.

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास स्टीफन्स ह्यांस आयुष्यातील पुष्कळ वर्षे लागली. साष्टीच्या घराघरांतून कोंकणी बोलत, पण पुराण, पोथी, कथाकीर्तन म्हटले की ते मराठीतच. म्हणून त्यांनी ग्रंथासाठी मराठी घेतली, तीत कोंकणी शब्द मोकळेपणाने मिसळले, व काही पोर्तुगीज शब्दही ठेविले. (आपण रोज उच्चारतो ते क्रूस व पाद्री हे शब्द पोर्तुगिजांकडूनच आपल्याकडे आले, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.) आणि छंद घेतला तो ओवीचा. ज्ञानेश्वरांनी जिच्यात गीतेचा अर्थ सांगितला, पैठणचे एकनाथ जिच्यात भागवत सांगत होते, आणि आमच्या आया जात्यावर बसून पहाटे जी गात आल्या, तीच ओवी. एकनाथ १५९९ पर्यंत हयात होते, म्हणजे स्टीफन्स मडगावास मराठी शिकत असता ते पैठणास कीर्तन करीत होते. एकाच काळी, एकाच छंदात, दोघे दोन टोकांस बसून काम करीत होते. ओवीचे पहिले तीन चरण एका यमकाने बांधलेले, चौथा आखूड व मोकळा. त्या चौथ्या चरणावर गाणाऱ्याचा श्वास विसावतो. ती गाण्यास मेस्त लागत नाही, वाद्य लागत नाही. ज्यास अक्षर येत नाही त्यासही चार वेळा ऐकून ती पाठ होते. ज्या आमच्या उपदेशकांस निरक्षर बायकांस शुभवर्तमान शिकवावे लागते, त्यांस हा लाभ किती मोठा आहे हे सांगणे नलगे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत जुन्या कराराची कथा असून त्याचे ३६ अवस्वरू म्हणजे अध्याय आहेत. दुसऱ्यात ५९ अवस्वरूंत प्रभूचे चरित्र स्वर्गारोहणापर्यंत आणिले आहे. छापलेल्या प्रतीत एकंदर १०,९६२ ओव्या मोजल्या आहेत. आरंभी मराठी भाषेची स्तुती आहे. मराठीची इतक्या प्रेमाने केलेली स्तुती इंग्लंडात जन्मलेल्या मनुष्याने करावी, आणि ती मराठी शाळांच्या पुस्तकांतून मुलांनी शिकावी, हा योग विरळा होय. स्वर्गास त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला. आमच्यांतील काही कडक मंडळींस तो खटकेल; आम्हांसही प्रथम खटकला. पण स्वर्ग हा शब्द तरी आपण कोठून आणिला?

एका बाबतीत मात्र त्यांचा हेतू सिद्धीस गेला नाही. इ. स. १६०८ मध्ये त्यांनी रोम येथे आपल्या संघाच्या मुख्यांस पत्र लिहून मराठी भाषेचे पुस्तक ह्या देशाच्याच लिपीत छापण्यासाठी खिळे पाडण्याची परवानगी मागितली. अक्षरांचे आकार शेकड्यांनी पाडावे लागत. ते त्यांच्या हयातीत झाले नाही. मराठी ओव्या रोमी अक्षरांत बसवून इ. स. १६१६ मध्ये राशोल येथे ग्रंथ छापण्यात आला. त्या वेळी ग्रंथकार पासष्टी ओलांडून गेले होते. तुकारामबोवांचे जन्मसाल बहुधा १६०८ धरतात. ते धरले तर इकडे देहूस ते तेव्हा आठ वर्षांचे मूल होते.

ग्रंथ लोकांनी उचलून घेतला. रविवारी व सणावारी देवळांतून तो गाऊन वाचला जाऊ लागला. साष्टीत, बारदेशात, तिसवाडीत त्याच्या ओव्या लोकांच्या तोंडी बसल्या. त्याच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या, आणि एत्येन द ला क्रुआ नावाच्या फ्रेंच पाद्रीने त्याच धर्तीवर प्रेषित पेत्राचे पुराण रचून १६२९ पासून छापविले. स्टीफन्स ह्यांनी मुलांसाठी कोंकणीत प्रश्नोत्तरावली लिहिली; ती १६२२ मध्ये निघाली. त्यांचे कोंकणी भाषेचे व्याकरण दुसऱ्या एका पाद्रीने वाढवून १६४० मध्ये छापविले. ही दोन्ही पुस्तके पाहण्यास ते राहिले नाहीत. इ. स. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचा अंत झाला.

येथे त्यांच्याविषयी आमचे मत सांगणे भाग आहे. ज्या सत्तेने पोथ्या नेल्या त्याच सत्तेच्या आश्रयास राहून त्यांनी पोथी लिहिली. ब्राह्मणाने विचारलेल्या प्रश्नातील अर्धा भाग असा होता की आमचे नेले कोणी? त्यास ग्रंथात उत्तर नाही; जुनी पुराणे खोटी होती, एवढेच तेथे गृहीत आहे. त्यांस संत म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी हे विसरू नये. तरीही ज्यांस फक्त शिक्षा व शाळा मिळाली होती, त्यांस पाद्रींच्या हातून गाणे मिळाले, तेही त्यांच्याच आजीच्या छंदात, हे एकट्या स्टीफन्स ह्यांचे काम होय. त्यांच्या सरकारास ते करावेसे वाटले नाही. वाटले असते तर पुढील प्रकार घडता ना.

इ. स. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ह्या धोरणाचा घाव साहजिकच पुराणावरही पडला. त्याच्या तिन्ही आवृत्त्यांची आज एकही प्रत सापडत नाही. शेकडो छापील पुस्तकांतून एकसुद्धा राहू नये! राहिल्या त्या हाताने उतरलेल्या प्रती. गोव्याहून दक्षिणेस कानडा मुलखात जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या पेटीत घालून नेल्या, उतरून काढल्या व गाइल्या. अशा प्रतींवरून जोसेफ सालदाना ह्यांनी इ. स. १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला, तेव्हा कोठे विद्वानांस त्याचे दर्शन झाले.

पुढे आमच्याच पंथातील एका गृहस्थाचा ह्या कथेशी संबंध येतो. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अॅबट, ज्यांनी महाराष्ट्रातील संतांची चरित्रे इंग्रजीत नेली, त्यांनी लंडन येथील मार्सडेन संग्रहात ह्या पुराणाची देवनागरी हस्तलिखिते पडलेली शोधून काढली व इ. स. १९२३ मध्ये ती गोष्ट प्रसिद्ध केली. ती प्रत मूळची की मागाहून उतरलेली, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु १६०८ मध्ये ज्या अक्षरांसाठी स्टीफन्स ह्यांनी अर्ज केला होता, त्या अक्षरांत त्यांचे शब्द तेथे होते. छापील देवनागरी पुस्तक मात्र पुण्यास शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६ मध्ये काढले, म्हणजे अर्जानंतर ३४८ वर्षांनी.

आमचे रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांनी इ. स. १९०९ मध्ये ओवीतच ख्रिस्तायन लिहावयास घेतले. ते अपुरे ठेवून १९१९ मध्ये, म्हणजे स्टीफन्स ह्यांच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, ते प्रभूकडे गेले, व ग्रंथ लक्ष्मीबाईंनी पुरा केला. लक्ष्मीबाईंस शाळेत अक्षर मिळाले नव्हते. त्यांच्यापाशी ओवी होती.

गेल्या उपवासकाळात आम्ही पुनावळ्यास एका बिऱ्हाडी, सायंप्रार्थनेनंतर, दुसऱ्या पुराणातील प्रभूच्या दुःखसहनाचा भाग वाचावयास घेतला. भाषा जुनी, तेव्हा मधून मधून अर्थ सांगावा लागे. तरुणांपैकी दोघे लवकर उठून गेले. तिसऱ्या संध्याकाळी एक वृद्ध बाई, जिच्या घरचे जाते इमारतीत राहावयास आल्यावर कोणी ठेवू दिले नाही, ती भिंतीस टेकून आमच्या मागोमाग चौथा चरण हळूच ओढून म्हणू लागली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. पुढला भाग कधी वाचणार, असे त्या अजून विचारतात. पुस्तक आमचे नाही, उसने आणिलेले आहे, आणि ते महिनाअखेर परत करावयाचे आहे; म्हणून सध्या आम्ही रोज रात्री दहा-दहा ओव्या वहीत उतरून घेत आहो.